जागा मिळाली, पण मुले टिकवायची कोणी?

भल्या सकाळी कुरुळी फाट्यावर उभे राहून पाहावे. मोशी सोडून, इंद्रायणी ओलांडून पुणे-नाशिक महामार्गाने चाकणच्या दिशेने बसगाड्यांची रीघ लागलेली असते. बहुतेक गाड्या कंपन्यांच्या. निघोजे, महाळुंगे, खराबवाडीच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे कामगार त्यात बसतात. त्याच गर्दीत मधूनच एखादी कॉलेजची बस येते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुले-मुली तिच्यात चढतात. दोन्ही गाड्यांत चढणारी पोरे एकाच वयाची, अठरा-एकोणीसची. पुष्कळदा एकाच चाळीतली, एकाच नळावर पाणी भरणारी. फरक असतो तो गळ्यातल्या ओळखपत्राचा. एकावर ठेकेदाराचे नाव, दुसऱ्यावर कॉलेजचे.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या बसमध्ये चढणारा एक मुलगा आज कंपनीच्या बसमध्ये चढतो. आम्ही त्याला ओळखतो. त्याचे वडील हिंगोली जिल्ह्यातून पंधरा वर्षांपूर्वी चाकणला आले. ठेकेदाराकडे कामाला लागले आणि अजूनही ठेकेदाराकडेच आहेत. आई सुटे भाग तपासण्याच्या कामावर जाते. पोरगा बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. सीईटी दिली, शासनाच्या प्रवेश फेरीतून खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात अनुसूचित जातीच्या जागेवर त्याचा नंबर लागला. चाळीत पेढे वाटले. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला. आणि तिसऱ्या सत्राच्या आधी पोरगा घरी बसला.

तो ढ होता का? मुळीच नाही. आम्ही त्याला खोदून खोदून विचारले तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. प्रवेशाच्या दिवशी कार्यालयात सांगितले गेले, शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल, आधी पैसे भरा. वडिलांनी व्याजाने पैसे काढले. वर्गात 'शिष्यवृत्तीवाले' म्हणून नावे मोठ्याने वाचली गेली. प्रकल्पासाठी गट करायला सांगितले, तेव्हा सगळ्यांचे गट झाले आणि हा उरला. सर इंग्रजीत भरभर शिकवून जात. शंका विचारली तर मागच्या बाकावर हसू फुटे. पहिल्या परीक्षेत गणित राहिले. दुसऱ्या परीक्षेत गणितासोबत आणखी तीन विषय राहिले. 'वायडी' झाला, म्हणजे वर्ष गेले. वर्ष गेले की त्या वर्गासाठी शिष्यवृत्ती पुन्हा मिळत नाही. इतके होईपर्यंत कॉलेजातल्या एकाही माणसाने त्याला बाजूला घेऊन विचारले नाही, "बाळा, काय अडचण आहे?"

आणि आम्ही तरी कुठे विचारले? पेढे खायला आम्ही होतो. पोरगा बुडत होता तेव्हा आम्ही कुठे होतो? या लेखाचा प्रश्न हाच आहे.

दार उघडले कसे?

ही जागा त्या पोराला कोणी दयेने दिलेली नव्हती. ती लढून मिळवलेली आहे, हे नव्या पिढीने समजून घ्यावे. १९८० नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांचे पीक आले. सरकारने हात आखडता घेतला आणि शिक्षणाचा मळा संस्थाचालकांच्या ताब्यात गेला. १२ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 'पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात निकाल दिला, की खासगी विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आपले आरक्षण लादता येणार नाही. खटला आपल्याच राज्याचा होता. या निकालाविरुद्ध देशभर आवाज उठला आणि त्याच वर्षी संसदेने ९३वी घटनादुरुस्ती केली. संविधानात कलम १५(५) आले. अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी शिक्षणसंस्थांतही अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीयांसाठी प्रवेशाची विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्याला मिळाला. २०१४ साली 'प्रमती' खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

महाराष्ट्राने २००६ मध्येच खासगी व्यावसायिक शिक्षणसंस्थांसाठी आरक्षणाचा कायदा केला. अनुसूचित जाती १३ टक्के, जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमातींचे चार गट मिळून ११, इतर मागासवर्ग १९, असे एकूण ५० टक्के. कुरुळीच्या पोराची जागा या कायद्यातून आलेली आहे.

पण दार अर्धेच उघडले आहे. कलम १५(५) येऊन वीस वर्षे झाली, तरी साऱ्या देशातल्या खासगी उच्च शिक्षणसंस्थांना लागू होईल असा कायदा संसदेने केला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने असा कायदा करावा, अनुसूचित जातींना १५, जमातींना ७.५ आणि इतर मागासवर्गाला २७ टक्के जागा द्याव्यात, अशी शिफारस केली. देशातल्या नामांकित खासगी संस्थांत अनुसूचित जाती आणि जमातींची मुले नगण्य आहेत, हेही समितीने नोंदवले. आज 'लिबरल आर्ट्स' म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, विज्ञान, साहित्य असे सगळे एकत्र शिकवणारी खासगी विद्यापीठे निघाली आहेत. पुण्याच्या आसपासही आहेत. त्यांचे शुल्क वर्षाला काही लाखांच्या घरात असते. उद्याचे संपादक, धोरणकर्ते, प्राध्यापक, सल्लागार तिथे घडतात. तिथे आपली मुले किती आहेत? बोटांवर मोजण्याइतकी!

'खासगी'चे वावडे कशाला?

यावर आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, "आपला लढा सरकारी शिक्षण वाचवण्याचा आहे. या पैसेवाल्यांच्या कॉलेजात आपली मुले पाठवायचीच कशाला?" सरकारी शिक्षण वाचलेच पाहिजे, त्याबाबत आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ज्या पोराला आज प्रवेश घ्यायचा आहे, त्याला 'लढा संपेपर्यंत थांब' असे सांगण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते न्यूयॉर्कचे खासगी विद्यापीठ होते आणि आजही आहे. तिथे त्यांनी एकट्या अर्थशास्त्राला कवटाळले नाही. समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र असे चहूबाजूंनी शिक्षण घेतले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात. तेव्हा ते पंचविशीत होते. आज ज्याला 'लिबरल आर्ट्स' म्हणून लाखो रुपयांना विकले जाते, ते शिक्षण आपल्या बापाने शंभर वर्षांपूर्वी घेतले आणि त्याचे शस्त्र केले. पुढे ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय उभे केले. त्याही सरकारी संस्था नव्हत्या. तेव्हा प्रश्न सरकारी की खासगी एवढाच नाही. संस्था कोणासाठी चालते आणि तिच्यात आपले पोर माणूस म्हणून जगू शकते का, हा खरा प्रश्न आहे.

कोलंबियात बाबासाहेब टिकले ते कशाच्या बळावर? बुद्धी आणि अठरा-अठरा तासांचा अभ्यास तर होताच. पण आणखीही काही होते. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. वसतिगृहात राहायला जागा होती. नवल भथेना नावाचा पारशी सोबती मिळाला, त्याने जन्मभर मैत्री निभावली आणि पुढे पैशाचीही मदत केली. सेलिग्मन आणि ड्यूईंसारखे गुरू मिळाले. म्हणजे पैसा, निवारा, सोबत आणि गुरू. ही चार पाये असलेली खाट होती म्हणून ते निश्चिंत बसून वाचू शकले.

आणि तेच बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी आले, तेव्हा काय झाले? परदेशात शिकून आलेल्या या विद्वानाला राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. विद्वत्ता तीच, माणूस तोच. पण निवारा गेला, सोबत गेली आणि बडोदा सोडावे लागले. ज्यांना वाटते की 'हुशार पोरगा कुठेही तरतो', त्यांनी हा प्रसंग आठवावा. म्हणूनच बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२४ साली स्थापना होताच जी कामे हाती घेतली, त्यात सोलापूरचे वसतिगृह होते. ४ जानेवारी १९२५ रोजी ते सुरू झाले. त्याआधी राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली होती. शाळेचे दार उघडले तरी पोराच्या डोक्यावर छप्पर आणि पाठीवर हात लागतो, हे या महापुरुषांनी ओळखले होते. आम्ही मात्र आरक्षणाचा टक्का मोजत बसलो आणि छप्पर विसरलो.

कागदांचा डोंगर

आता चाकण पट्ट्याची खास अडचण पाहू. इथे राहणारी आपली निम्मीअधिक माणसे मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-नगरकडून पोटासाठी आलेली. पोरे इथे जन्मली, इथल्या शाळांत शिकली. पण जातीचा दाखला हवा असेल, तर अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वी पूर्वज कुठे राहत होते याचा पुरावा द्यावा लागतो आणि दाखला त्या मूळ भागाच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून घ्यावा लागतो. विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मग आजोबांच्या शाळेचा उतारा शोधा, गावच्या कोतवाल नोंदी शोधा. ठेकेदाराच्या कामगाराला एका दिवसाची सुटी म्हणजे एका दिवसाची मजुरी. दाखल्यानंतर जिल्हा समितीकडून जात वैधता प्रमाणपत्र. त्यावर उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार जोडलेले बँक खाते. जून-जुलैत प्रवेश फेरी सुरू झाल्यावर या धावपळीला लागले, की एखादा कागद मागे राहतोच. जागा जाते आणि आपण नशिबाला दोष देतो. हे नशीब नव्हे, ही बेपर्वाई आहे. सरकारची आणि आपलीही.

शिष्यवृत्तीचेही तसेच. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तो हा काळ. आज तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याची पद्धत २०२१ पासून आली. खात्यात आलेले हे पैसे पुढे कॉलेजात भरायचे असतात. घरात आजारपण निघाले, वडिलांचे काम सुटले आणि ते पैसे खर्च झाले, तर कॉलेज दाखला अडवते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही; हे ठाऊक नसल्याने किती तरी घरे कर्जात बुडाली आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसारख्या मोठ्या शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला ६० हजार रुपये ठरवलेली आहे. निवडक नामांकित संस्थांसाठी केंद्राची उच्च श्रेणी शिक्षण शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख आहे. कुरुळीच्या चाळीत किती घरांना या योजनांची नावे ठाऊक आहेत?

भिंतीआडचा छळ

पैशाचा प्रश्न सुटला तरी दुसरा प्रश्न उरतोच. "सीईटीला किती पर्सेंटाइल?" हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण आपल्या पोराला तो विचारला जातो तेव्हा त्यामागे 'तू कोणत्या जागेवर आलास?' हेच विचारायचे असते. आडनाव विचारणे, गाव विचारणे, डबा उघडल्यावर नाक मुरडणे, 'फुकट्या' म्हणणे. यातल्या एकाही गोष्टीची पोलिसांत फिर्याद होत नाही. पण रोज एकेक थेंब पडून दगडालाही खड्डा पडतो, ही तर अठरा वर्षांची पोरे आहेत.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेली. १२ फेब्रुवारी २०२३ ला पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. या तिन्ही संस्था सार्वजनिक. तिथे निदान संसदेत प्रश्न विचारता येतो, माहिती अधिकारात अर्ज करता येतो. एम्समधल्या छळाची चौकशी २००६ साली नेमलेल्या डॉ. सुखदेव थोरात समितीने केली आणि वसतिगृहापासून परीक्षेपर्यंत भेदभाव कसा चालतो ते उघड केले. खासगी संस्थेच्या भिंतीआड काय घडते ते कोण पाहणार? तिथली मुले बहुधा बातमीत येतच नाहीत. ती मुकाट्याने घरी परततात आणि कंपनीच्या बसमध्ये चढतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समता विनियम सांगतात, की प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत समान संधी कक्ष असावा आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमावा. कागदावर सगळे छान आहे. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांना २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, ते हे विनियम कागदावरच राहिले म्हणून. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे, अधिक कडक विनियम काढले. त्यांच्याविरुद्ध लगेच काहूर उठले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती देऊन २०१२ चेच विनियम चालू ठेवले. आपल्या मुलांच्या संरक्षणाचा विषय आला, की या देशात किती तत्परतेने हालचाल होते पाहा!

अमेरिकेतल्या भावंडांचा धडा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांची कहाणी आपल्याहून वेगळी नाही. केंटकी राज्यात १८५५ साली गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी बेरिया हे महाविद्यालय काढले. काळी आणि गोरी मुले तिथे एका बाकावर शिकू लागली. १९०४ साली राज्याने कायदा करून हे एकत्र शिकणे बंद पाडले. १९०८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. तब्बल ४६ वर्षांनी, १९५० साली, बेरियाचे दार काळ्या मुलांसाठी पुन्हा उघडले. आज हे खासगी महाविद्यालय आपल्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क भरायला लावत नाही आणि प्रत्येक विद्यार्थी तिथे काम करून शिकतो. आपल्याला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसवली आणि 'कमवा व शिका' सुरू केले, ते हेच.

दुसरी गोष्ट १९८९ ची. न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांतली हुशार मुले मोठ्या खासगी कॉलेजांत जात आणि सहा महिन्यांत परत येत. त्यातल्या एकाने सांगितले, माझे मित्र सोबत असते तर मी परतलो नसतो. एवढ्या एका वाक्यावरून 'पॉसी फाउंडेशन' ही संस्था उभी राहिली. ती एका शहरातल्या साधारण दहा मुलांचा जथा निवडते, कॉलेज सुरू होण्याआधी काही महिने त्यांची तयारी करून घेते आणि सगळ्यांना एकाच कॉलेजात धाडते. तिथेही एक प्राध्यापक त्यांच्या पाठीशी असतो. यातली ९० टक्के मुले पदवी पूर्ण करतात, असे ती संस्था सांगते. यात जादू कसली? एकट्याला जगाने घेरले तर तो दबतो. दहा जण असले की दबत नाहीत. 'संघटित व्हा' हा बाबासाहेबांचा आदेश आपण मोर्चापुरता ठेवला, त्यांनी तो वर्गात नेला.

अमेरिकेत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत मोडीत काढली. जे मिळाले ते कायमचे आपले, असे समजून झोपू नये हा त्याचा धडा. पण त्याच देशातल्या ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कोल्बी या छोट्या खासगी महाविद्यालयाने २०२१ मध्ये आपल्या भेदभावविरोधी नियमांत 'जात' हा शब्द घातला. सातासमुद्रापलीकडच्या कॉलेजला जात दिसते. आपल्याकडच्या संस्थाचालकांना ती दिसत नाही, याला काय म्हणावे?

मग करायचे काय?

त्याच चाळीतली एक मुलगी आज एका महागड्या खासगी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकते आहे, पूर्ण शिष्यवृत्तीवर. तीही पहिल्या सहामाहीत रडत घरी आली होती. ती टिकली तीन माणसांमुळे. तिच्याच जिल्ह्याच्या एका वरच्या वर्गातल्या ताईने तिला रोज रात्री तासभर सोबत बसवून वाचून घेतले. एका प्राध्यापिकेने तिचा पहिला निबंध लाल शाईने भरून परत दिला आणि सांगितले, "विचार पक्का आहे, भाषा मी सुधारून घेते." आणि कार्यालयातल्या एका लिपिकाने शिष्यवृत्ती येईपर्यंत तिला शुल्कासाठी एकदाही हटकले नाही. तीन माणसे! त्या मुलाला यातले एक जरी भेटले असते, तर तो आज दुसऱ्या बसमध्ये असता. पण पोरांचे भवितव्य अशी माणसे योगायोगाने भेटण्यावर सोडायचे का? ही माणसे आपणच उभी केली पाहिजेत.

वर्धेला अनूप कुमार यांनी नालंदा अकादमी चालवून आणि आपल्या विदर्भातल्या राजू केंद्रे यांनी एकलव्य उभे करून दाखवून दिले आहे, की खेड्यापाड्यातली पहिल्या पिढीची मुले नामवंत संस्थांपर्यंत पोचतात आणि तिथे चमकतातही. चाकण पट्ट्यातही हे करता येईल. त्यासाठी आम्ही काही गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट कागदांची. मूल नववीत गेले, की त्याची फाईल तयार करायला घ्या. मे महिन्यात गावी लग्नाला जाताच, तेव्हाच आजोबांचा शाळेचा उतारा काढून आणा. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार फक्त दाखले आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी ठेवा.

दुसरी गोष्ट निधीची. पन्नास घरांनी महिन्याला दोनशे रुपये काढले तर वर्षाला एक लाख वीस हजार होतात. प्रवेशाच्या दिवसापासून शिष्यवृत्ती येईपर्यंतची खिंड लढवायला हा निधी वापरायचा. शिष्यवृत्ती आली की पैसे निधीत परत. मग कोणाला सावकाराचे व्याज नको आणि कोणाच्या उपकाराचे ओझेही नको.

तिसरी गोष्ट जथ्याची. प्रवेशयादी लागली, की कुरुळी, चिंबळी, मोशी, चाकण, देहूरोडची कोणकोणती मुले एकाच कॉलेजात चालली आहेत ते शोधून त्यांची गाठ घालून द्या. कॉलेज सुरू होण्याआधी आठ रविवार त्यांना एकत्र बसवा. बारावीचे गणित, इंग्रजीत अर्ज कसा लिहायचा, शंका कशी विचारायची, तक्रार कुठे करायची, एवढे शिकवले तरी पुष्कळ.

चौथी गोष्ट आमच्या सुशिक्षित बांधवांना सांगायची आहे. निगडी-प्राधिकरणात बंगले बांधलेल्या, कंपन्यांत अभियंते आणि अधिकारी झालेल्या भावांनो आणि बहिणींनो, तुम्ही ज्या जिन्याने वर गेलात तो जिना खालच्यांसाठी मोकळा ठेवा. पैसे नका देऊ एक वेळ, पण एकेका मुलाचे दादा व्हा, ताई व्हा. आठवड्यातून एक फोन करा. विशेषतः पहिल्या परीक्षेचा निकाल लागतो त्या महिन्यात करा, कारण पोरे गळतात ती त्याच महिन्यात.

पाचवी गोष्ट संस्थांना जाब विचारण्याची. पालकांचे शिष्टमंडळ घेऊन प्राचार्यांना भेटा आणि सभ्यपणे विचारा: तुमचा समान संधी कक्ष कुठे आहे? भेदभावविरोधी अधिकारी कोण? पहिल्या वर्षी राखीव जागांवर किती मुले आली आणि त्यातली किती दुसऱ्या वर्षाला पोचली? शिष्यवृत्तीची नावे वर्गात का वाचता? प्रकल्पाचे गट चिठ्ठ्या टाकून का करत नाही? कच्च्या विषयांचे जादा तास सगळ्यांनाच खुले का ठेवत नाही, म्हणजे 'राखीववाल्यांचा वर्ग' असा शिक्का बसणार नाही? यातल्या एकाही गोष्टीला कोटी रुपये लागत नाहीत, लागते ती नियत. नियत नसेल, तर मग संविधानाने दिलेले बाकीचे मार्ग आपल्याला ठाऊक आहेतच.

याच पट्ट्यात, देहूरोडच्या विहारात, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हातांनी तथागतांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. दरवर्षी आपण लाखोंच्या संख्येने तिथे नतमस्तक होतो. जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करून लाखो रुपये एका रात्रीत हवेत उडवतो. त्यातली एक भिंत कमी केली, तर एका वस्तीची किती मुले कॉलेजात टिकतील याचा हिशोब प्रत्येक जयंती मंडळाने एकदा बसून मांडावा.

कुरुळीचा तो मुलगा अजून वीस वर्षांचा नाही. राहिलेले विषय सोडवून तो पुन्हा कॉलेजात जाऊ शकतो. आम्ही त्याला तसे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, आता एकट्याने नाही होणार." बरोबर आहे त्याचे. एकट्याने नाहीच होणार. त्याला एकट्याने पाठवले ही आमची चूक होती. पुढच्या जूनमध्ये तो पुन्हा त्या बसमध्ये चढेल तेव्हा त्याच्या शेजारच्या जागा रिकाम्या नसतील, याची जबाबदारी आता आपणा सर्वांची आहे.

जयभीम!